स्किप करावंसं न वाटणं पुरेसं नाही

एखादा अल्बम परफेक्ट आहे असं कोणी म्हणालं की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की यातलं एकही गाणं स्किप करावंसं वाटत नाही. नो-स्किप अल्बम. हा निकष इतका रुळलाय की त्यावर कोणी वादही घालत नाही, आणि मला तो मुळातच चुकीचा वाटतो. स्किप न करणं हा ऐकणाऱ्याच्या मूडचा भाग झाला, अल्बम बांधलाय कसा याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बेस्ट ऑफ म्हणून जे संग्रह निघतात त्यात सगळीच्या सगळी हिट गाणी असतात, काहीच गाळावंसं वाटत नाही, तरी कुठल्या कलाकाराचं बेस्ट ऑफ हेच त्याचं सगळ्यात मोठं काम असं कोणी मानत नाही. दहा चांगली गाणी आणि एक चांगला अल्बम यात फरक आहे हे आपल्याला ऐकताना कळतं, फक्त तो फरक नेमका कशात आहे हे सांगायची वेळ आली की आपण परत स्किपवर येतो.

माझी कसोटी वेगळी आहे. अल्बममधलं एक गाणं काढून बघा, किंवा दोन गाण्यांच्या जागा बदलून बघा, आणि मग उरलेल्या गाण्यांचं काय होतं ते ऐका. उरलेली गाणी जशीच्या तशी राहिली, त्यांना काहीच फरक पडला नाही, तर तो अल्बम कितीही सुंदर असो, निर्दोष नाही. निर्दोष अल्बममध्ये एक गाणं हललं की बाकीच्यांना धक्का लागतो.

बीच बॉइजचा १९६६ चा पेट साउंड्स घ्या. त्यात स्लूप जॉन बी आहे, बहामा बेटांकडचं जुनं लोकगीत, सिंगल म्हणून ते मार्चमध्येच आलेलं आणि जोरात चाललेलं, अल्बम आला मे महिन्यात. गाणं उत्तम आहे, आवाजांची रचना तर ऐकतच राहावी अशी, म्हणजे नो-स्किपच्या हिशोबाने काहीच अडचण नाही. पण आजूबाजूची गाणी सगळी एका तरुण माणसाच्या आतली आहेत, वय वाढताना प्रेमाचं काय होतं, आपण कुठेच फिट का बसत नाही, आणि त्यात मधेच हे बोटीवरच्या लोकांचं घरी न्या घरी न्या म्हणणारं गाणं येतं. ते पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. त्याच्या आधी एक शब्द नसलेली वाद्यरचना आहे, शांत, थोडी उदास. ती बाजू तिथेच संपली असती आणि रेकॉर्ड पलटल्यावर थेट गॉड ओन्ली नोज सुरू झालं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा, किंवा विचार कशाला, तसं लावूनच ऐका. मला तरी दर वेळी वाटतं की या थोर अल्बमचा एकमेव सैल दुवा म्हणजे त्यातलं सगळ्यात मोठं हिट गाणं आहे. आणि याच सेशन्सच्या काळात बँडचा गीतकार ब्रायन विल्सनने गुड व्हायब्रेशन्सचं काम सुरू केलेलं, ते मात्र अल्बममध्ये घेतलं नाही, ऑक्टोबरमध्ये वेगळं सिंगल म्हणून काढलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. म्हणजे विक्रीच्या दृष्टीने घ्यायलाच हवं असं गाणं बाहेर राहिलं, आणि ते बाहेर राहिलं म्हणून अल्बमचा स्वभाव टिकला. गुड व्हायब्रेशन्सचा तो झगमगाट त्या अल्बमच्या मधोमध आला असता तर बाकी गाणी फिकी वाटली असती.

काय गाळलं यावरून अल्बम जितका कळतो तितका काय घेतलं यावरून कळत नाही असं माझं ठाम मत आहे. फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा रूमर्स, त्यातून बँडची गायिका स्टीव्ही निक्सचं सिल्व्हर स्प्रिंग्ज गाळलं गेलं. कारण लांबी, आणि संथ गाणी आधीच पुरेशी होती. ते गेलं गो युअर ओन वे या सिंगलच्या मागच्या बाजूला, म्हणजे बँडमधल्याच लिंडसी बकिंगहॅमने तिच्यावर लिहिलेल्या गाण्याच्या पाठीवर तिने त्याच्यावर लिहिलेलं गाणं. निक्सला ते खूप लागलं आणि ते कुणालाही लागलं असतं, कारण सिल्व्हर स्प्रिंग्ज हे तिच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक आहे, १९९७ ला बँड परत एकत्र आला तेव्हा तिने ते स्टेजवर ज्या तऱ्हेने गायलं ते पाहिल्यावर वीस वर्षं काय दाबून ठेवलं होतं ते कळतं. तरीही मी म्हणेन की गाळण्याचा निर्णय बरोबर होता. रूमर्स चालतो तो वेगावर. एकमेकांपासून तुटत असलेली माणसं एकमेकांबद्दल गाणी लिहितायत आणि ती गाणी एकत्र बसून वाजवतायत, एवढं दुःख असूनही तो अल्बम रडका होत नाही कारण तो कुठे थांबतच नाही. सिल्व्हर स्प्रिंग्ज आलं असतं तर सगळा अल्बम त्या गाण्याभोवती गोळा झाला असता, तीन गीतकारांचा समतोल गेला असता. निक्सवर अन्याय झाला का, हो, झाला. अल्बमला फायदा झाला का, तोही झाला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यातली एक लपवून दुसरी सांगायला मला आवडत नाही.

बीटल्सचंही तसंच. स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर आणि पेनी लेन ही दोन्ही गाणी सार्जंट पेपर या अल्बमच्या सेशन्समधली, ती १९६७ च्या फेब्रुवारीत सिंगल म्हणून काढली आणि अल्बममध्ये घेतली नाहीत. निर्माते जॉर्ज मार्टिन नंतर म्हणाले की ही आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी व्यावसायिक चूक. त्यांच्याशी असहमत होणं धाडसाचंच आहे पण मी असहमत आहे. ती दोन गाणी बालपणातल्या जागांबद्दलची आहेत, ती आत असती तर अल्बम आठवणींचा झाला असता, मग तो दुसराच कुठला तरी अल्बम, कदाचित जास्त खोल, पण सार्जंट पेपर नावाच्या त्या काल्पनिक बँडचा तमाशा, मुखवटा, आणि शेवटी मुखवटा उतरल्यावर येणारं अ डे इन द लाइफ, ही चाल राहिली नसती.

निर्दोष म्हटलं की लोकांना वाटतं सगळं घासूनपुसून चकचकीत असलं पाहिजे, कुठे खरखर नको, सूर इकडेतिकडे नको. याच्या विरुद्ध पुरावा इतका जबरदस्त आहे की हा गैरसमज अजून टिकून कसा आहे याचं नवल वाटतं. माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू, १९५९, फक्त ५ रचना, दोन सेशन्स, २ मार्च आणि २२ एप्रिल. पहिल्या सेशनला टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना रेकॉर्डवर मूळ वाजवल्यापेक्षा किंचित चढ्या सुरात आल्या, आणि हे दुरुस्त झालं थेट १९९० च्या दशकात. म्हणजे ३० पेक्षा जास्त वर्षं लोक ज्याला जॅझमधला सर्वात परिपूर्ण अल्बम म्हणत आले त्याची एक अख्खी बाजू तांत्रिकदृष्ट्या चुकीची होती, ती ऐकून वाजवायला बसलेल्यांची वाद्यं जुळेनात, तरी अल्बमला धक्का लागला नाही. कारण तो अल्बम उभाच होता दुसऱ्या गोष्टीवर, कमी सुरांत किती जागा मोकळी सोडता येते यावर, आणि ती गोष्ट पहिल्या रचनेपासून पाचव्यापर्यंत कुठेही ढळत नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा नेब्रास्का तर घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर केलेला कच्चा आराखडा होता, मग बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवून बघितली, भरपूर प्रयत्न केले, पण त्या कॅसेटमधलं जे होतं ते येईना, शेवटी कॅसेटच रेकॉर्ड म्हणून निघाली. त्यातली खरखर काढून टाकली तर त्या गाण्यांमधली माणसं एकटी वाटणार नाहीत.

आता क्रमाकडे येतो, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त काम क्रमच करतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ ला आली. एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं, त्याहून जास्त भरलं तर खोबणी जवळजवळ येतात, आवाज बारीक होतो. मायकेल जॅक्सनच्या थ्रिलरच्या वेळी नेमकं हेच झालं, बाजू लांब झाल्या, आवाजात दम राहिला नाही, मग निर्माते क्विन्सी जोन्स आणि मंडळींनी गाणी कापली आणि परत मिक्सिंग केलं. शिवाय रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा तिच्याखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण जाते आणि आत मध्याजवळ येते तेव्हा जेमतेम २० सेंटिमीटर, त्यामुळे आतल्या भागात वरचे स्वर मळकट होतात, मोठा आवाज फाटतो. म्हणून दणदणीत गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि हळुवार गाणी शेवटाकडे टाकण्याकडे कल. म्हणजे ज्या चढउताराला आपण अल्बमचा भावनिक प्रवास वगैरे म्हणतो त्यामागे बरंचसं शुद्ध भौतिकशास्त्र आहे, आणि मला यात काहीच कमीपणा वाटत नाही, उलट बंधनातूनच शिस्त आली. दोन सुरुवाती, दोन शेवट, आणि मधे उठून रेकॉर्ड पलटावी लागणार, हे धरूनच लोक विचार करायला लागले. बीटल्सच्या ॲबी रोडची पहिली बाजू संपते ती सात मिनिटांहून लांब, जड, गोल गोल फिरणाऱ्या गाण्याने, मागे वाऱ्यासारखा आवाज वाढत जातो वाढत जातो आणि एकदम टेप कात्रीने कापल्यासारखी बंद. ऐकणारा दचकून उठतो, रेकॉर्ड पलटतो, आणि दुसऱ्या बाजूला पहिलं गाणं हिअर कम्स द सन. त्या उठण्या-पलटण्यातला वेळ हा रचनेचाच भाग आहे. सीडीवर आणि स्ट्रीमिंगवर तो वेळ दोन सेकंदांवर आला आणि ते दोन्ही क्षण थोडे थोडे मेले.

पहिलं आणि शेवटचं गाणं यात तर सगळं ठरतं. जोनी मिचेलचा ब्लू, १९७१, जवळपास तयार होता, आणि मग शेवटच्या टप्प्यात तिने दोन जुनी गाणी काढली आणि दोन नवी घातली. ती दोन नवी गाणी म्हणजे अल्बमचं पहिलं गाणं आणि अल्बमचं शेवटचं गाणं. आज ब्लूचा विचार केला तर पहिल्या गाण्यातली ती प्रवासाला निघालेली, प्रेमात सगळंच हवं असलेली बाई आणि शेवटच्या गाण्यात कॅफेत अंधारात बसून राहिलेली बाई या दोन टोकांमध्येच तो अल्बम ताणलेला आहे, आणि ही दोन्ही टोकं नसलेला ब्लू दुकानात येता येता राहिला. मधली गाणी तीच होती, तितकीच सुंदर होती. टोकं आली आणि त्या गाण्यांना अर्थ आला. मार्विन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑनमध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात आणि शेवटचं गाणं संपता संपता पहिल्या गाण्याचे शब्द परत येतात, आपण ३५ मिनिटांत एक फेरी मारून समेवर येतो.

आणि दुबळी समजली जाणारी गाणी. पिंक फ्लॉइडच्या द डार्क साइड ऑफ द मूनमध्ये ऑन द रन नावाचा तुकडा आहे, सिंथेसायझरची धावपळ, पावलांचे आवाज, घोषणा, शेवटी स्फोट. हे कुणाचं आवडतं गाणं असेल असं मला वाटत नाही, वेगळं काढून कोणी ऐकत नाही, नो-स्किपवाल्यांनी तर हे पहिलं उडवलं असतं. पण त्यानंतर येतात टाइमची ती सगळी घड्याळं, आधी टिकटिक आणि मग एकदम गजर. ऑन द रनने तुमच्या छातीत ती धडधड भरलीच नसेल तर गजर फक्त एक साउंड इफेक्ट राहतो. त्या तुकड्याचं काम स्वतः आवडणं हे नाहीच आहे, पुढच्याला जागा करून देणं हे आहे. हा अल्बम १९७३ च्या मार्चमध्ये आला पण १९७२ च्या सुरुवातीपासून ते लोक तो सलग स्टेजवर वाजवत होते, म्हणजे कुठे श्वास लागतो, कुठे लोक चुळबुळ करतात हे वर्षभर तोंडावर पाहून मग रेकॉर्ड पक्की झाली. मला वाटतं त्याच्या एकसंधपणाचं मोठं कारण हेच असावं.

क्रम हलवूच शकत नाही याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॉल ऑफ द व्हॅली. १९६७, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सुरुवात अहीर भैरवने, मग दिवस पुढे सरकतो तसे राग बदलतात, शेवटाकडे देस आणि पहाडी. इथे अल्बमचा क्रम कोणाच्या आवडीनिवडीवर सोडलेलाच नाही, रागाच्या वेळेनेच तो बांधून टाकलाय. हा अल्बम शफलवर लावला तर सूर्य उगवायच्या आधी मावळतो. तिघेही तेव्हा तरुण होते आणि तिघांपैकी कोणीही आपलं वाद्य पुढे रेटत नाही, एकमेकांना वाट देत वाजवतात, आणि तो संयम पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत टिकतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. थ्रिलरचं काय? ९ गाणी, त्यातली ७ अमेरिकेत पहिल्या १० मध्ये गेलेली. माझ्या कसोटीवर तो निर्दोष ठरत नाही. दोन-तीन गाणी मागेपुढे केली तर त्याचं काही बिघडत नाही, आणि पॉल मॅकार्टनीबरोबरचं गाणं काढलं तर माझ्या मते सुधारतोच. तो अफाट अल्बम आहे, पण अफाट असणं आणि निर्दोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीटल्सचा १९६८ चा पांढऱ्या कव्हरचा डबल अल्बम, ३० गाणी, जॉर्ज मार्टिनना तो कापून एकेरी करायचा होता. तसा केला असता तर कदाचित निर्दोष झाला असता, पण त्याची मजाच त्या पसाऱ्यात आहे, ती गेली असती. दोष असलेले काही अल्बम मला निर्दोष अल्बमपेक्षा जवळचे आहेत. फक्त त्यांना निर्दोष म्हणू नका एवढंच. दुसरा आक्षेप रॅपर केंड्रिक लमारचा डॅम, २०१७, त्याची एक आवृत्ती त्याच वर्षी पूर्ण उलट्या क्रमाने निघाली आणि तीही चालते. मग क्रमाला काय अर्थ? पण ती उलटी चालते कारण तशी चालावी म्हणून घडवलीय, दोन्ही दिशांनी गोष्ट लागते. मधूनच कुठूनही उचललेला क्रम तिथेही चालत नाही.

मग सीडी आली, ७४ मिनिटं जागा मिळाली, आणि जागा आहे म्हणून भरायची सवय लागली. १९९४ चा नासचा इलमॅटिक सीडीच्या जमान्यातला असून ४० मिनिटांच्या आसपास संपतो, हा निव्वळ निग्रह आहे, तेव्हाच्या किती हिपहॉप अल्बममध्ये शेवटची २० मिनिटं नुसती भरती आहे ते बघा. स्ट्रीमिंगने तर जागेची मर्यादाच काढून टाकली आणि वर भरतीला पैसे लावले. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजली जाते, २०१४ च्या डिसेंबरपासून अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम चार्टमध्येही स्ट्रीम्स धरायला लागले, तेव्हाच्या हिशोबाने १५०० स्ट्रीम्स म्हणजे एक अल्बम. आता साधा हिशोब करा, २५ गाण्यांचा अल्बम एकदा ऐकला तर २५ स्ट्रीम्स आणि काइंड ऑफ ब्लू एकदा ऐकला तर ५. जो गाळतो त्याला दंड आणि जो गाळत नाही त्याला बक्षीस, असा हा हिशोब आहे. कलाकार आळशी झालेत, ऐकणाऱ्यांना धीर नाही, असं जे सारखं बोललं जातं ते मला अन्यायाचं वाटतं. चांगले कलाकार अजूनही ४० मिनिटांचे घट्ट अल्बम काढतात, स्वतःचं नुकसान सोसून काढतात, आणि ऐकणारेही अजून ते सलग ऐकतात. ॲडेलने २०२१ मध्ये अल्बमच्या पानावरचं शफलचं बटण मुख्य जागेवरून काढायला लावलं, म्हणजे मागणी केली तर गोष्टी बदलतात.

यानंतर बदलायला हवी ती डिलक्सची पद्धत. अल्बम येतो, पंधरा दिवसांनी त्याच नावाने आणखी ७ गाणी जोडलेली आवृत्ती येते, सगळ्या स्ट्रीम्स एकाच नावावर जमा, आणि पुष्कळदा शोधलं की तीच लांब आवृत्ती आधी समोर येते. ज्या गाण्यावर अल्बम संपायचा होता, ज्यासाठी कोणीतरी रात्ररात्र क्रम लावत बसलं होतं, ते आता मधे कुठेतरी बाराव्या नंबरवर. जुन्या अल्बमचंही हेच, रूमर्सच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये सिल्व्हर स्प्रिंग्ज घातलं गेलं, नव्याने ऐकणाऱ्याला तो अल्बम मुळात तसाच होता असं वाटणार. गाळलेली गाणी लोकांपर्यंत यायलाच हवीत, सिल्व्हर स्प्रिंग्ज तर यायलाच हवं होतं, पण वेगळ्या नावाने, वेगळ्या रेकॉर्डवर, आणि चार्टवरही त्याची मोजणी वेगळी. शोधल्यावर पहिली मूळ आवृत्ती दिसावी, मूळ क्रमाने वाजावी, जोडगाणी हवी त्याने मुद्दाम जाऊन ऐकावी. तांत्रिकदृष्ट्या हे अजिबात अवघड नाही, फक्त रेकॉर्ड कंपन्यांना यात तोटा आहे, म्हणून ते आपणहून करणार नाहीत आणि आपल्यालाच ते मागावं लागणार.